वर-खाली पूर्ण कवळी: वर्ष होत आलं, आता लिहितो

मागच्या पावसाळ्यात कवळी बसवली. पहिल्या महिन्यात लिहायला बसलो असतो तर नुसत्या शिव्या उतरल्या असत्या. आता भुसावळचा मे महिना तिच्यासकट काढलाय, तेव्हा बोलायला हरकत नाही.

आधी दातांचं. कीड फारशी नव्हती, पण पायरियाने हिरड्या सुटल्या होत्या आणि शुगर जुनी. भाकरीचा तुकडा तोडायला गेलं की समोरचे दात मागेपुढे व्हायचे. एका दवाखान्यात सगळे एकाच बैठकीत काढू आणि लगेच इम्प्लांट (हाडात पक्के बसवायचे स्क्रूचे दात) टाकू, असं पॅकेजच हातात ठेवलं. शुगरचा रिपोर्टसुद्धा कोणी विचारला नाही. तिथून उठलो. जळगावच्या ज्या डॉक्टरांकडे नंतर गेलो त्यांनी आधी तीन महिन्यांची सरासरी शुगर तपासून आणायला लावली, मग एका वेळी एक बाजू असे दात काढले. माझी इकोस्प्रिन, म्हणजे हृदयासाठीची रक्त पातळ ठेवणारी गोळी, चालू होती. ती आपल्या मनाने बंद करू नका म्हणाले. "काका, रक्त थोडं जास्त वेळ येईल, ते बोळ्याने थांबतं. हृदयाचं काही झालं तर ते बोळ्याने थांबत नाही."

भूल चढल्यावर दुखत नाही, दाब मात्र कळतो. हलणारे दात सहज निघाले. एका दाढेची मुळं फाकलेली होती, ती कापून तुकड्यांनी काढावी लागली. तो कर्रर्र आवाज हाडातून थेट कानात येतो, त्याला इलाज नाही. घरी आल्यावर मात्र सांगितलेलं तंतोतंत पाळा. बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरायचा आणि 24 तास थुंकायचं नाही, चूळही खळखळून भरायची नाही. आमच्याकडे दात काढून आलेला माणूस तासभर अंगणात थुंकत बसतो, तेच नको. खड्ड्यात जमलेली रक्ताची गुठळी निघाली की हाड उघडं पडतं आणि दोन-तीन दिवसांनी जो ठणका सुरू होतो तो मूळ दुखण्याहून वाईट. तंबाखूवाल्यांना हे जास्त होतं. शेजारच्या अक्कांनी दाढ काढली त्याच संध्याकाळी मिसरी लावली आणि पुढचा आठवडा गालाला हात लावून काढला. वर मलाच बजावत होत्या, "वरचे दात नका काढू हो, नजर जाते." दाताची नस वेगळी, नजरेची वेगळी. माझा चष्म्याचा नंबर आहे तोच आहे.

हिरड्या भरल्यावर मापं झाली. मेणाच्या पट्टीत दात बसवून आधी तोंडात घालून दाखवतात, त्या बैठकीला घरच्या माणसाला सोबत न्या. डॉक्टरांना दात रांगेत हवे होते. आमची मंडळी म्हणाली, "हे यांचं तोंड नाही वाटत, वरचा एक जरा वाकडा होता." तो तसा बसवला आणि खरंच, कवळी आहे हे अनोळखी माणसाला कळत नाही.

वरच्या कवळीला माझ्याकडून पैकीच्या पैकी. टाळूवर पातळ लाळेच्या जोरावर ती चिकटून बसते, शिंकलो तरी हलत नाही. खालची म्हणजे रोजची कटकट. तिला टाळू नाही, बसायला जागा थोडी आणि मध्ये जीभ. पहिले काही आठवडे बोलताना टकटक वाजायची, तोंडात लाळ सुटायची, 'श' आणि 'स' म्हणताना शिट्टी यायची. मोठ्याने पेपर वाचून बोलणं सुधारलं. हिरडीला जिथे फोड यायचा तिथे डॉक्टर निळा कागद चावायला लावून कवळी नेमकी तेवढीच घासायचे. स्वतः कानस घेऊन बसू नका. आणि घासायला जाण्याआधी दोन दिवस ती तोंडात ठेवा, नाहीतर कुठे रुततेय ते दिसतच नाही.

आता खाण्याचं, कारण खानदेशात विचारतात ते एवढंच. चावण्याची ताकद स्वतःच्या दातांच्या पाव हिश्शाइतकी धरून चाला. वरण-बट्टी तुपात कुस्करून पहिल्या दिवसापासून जमली. शेवभाजीत शेव थोडी मुरू दिली की प्रश्न नाही. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी गरम असताना चालते, गार झालेली दूध किंवा वरणात. समोरच्या दातांनी तोडायचं नाही, हाताने लहान तुकडा करून दोन्ही बाजूंनी एकदम चावायचं. एकाच बाजूला घास गेला की दुसरी बाजू उचलते. सगळ्यात वैताग भरिताचा. मऊ म्हणून मी निर्धास्त होतो, पण वांग्याचं बी आणि दाण्याचे कण खालच्या कवळीखाली शिरतात आणि हिरडीला असे टोचतात की ताटावरून उठावं लागतं. हिवाळ्यात आमच्याकडे भरिताच्या पार्ट्या असतात, तिथे मी थोडी चिकटवायची क्रीम लावून जातो. रोज लावत नाही. रोज लागत असेल तर कवळी सैल झाली समजा. बिबड्या (ज्वारीचे पापड) आणि हुरडा सोडून दिला.

उन्हाळ्याचा मुद्दा बाहेरचे लोक सांगणार नाहीत. पारा 45 च्या आसपास गेला की तोंड सुकतं, आणि लाळ कमी झाली की वरचीही पकड ढिली पडते. घोट घोट पाणी पीत राहायचं. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात बुडवून ठेवायची. कोरडी ठेवली तर तिचा आकार बिघडतो, उकळत्या पाण्याने वाकते. टूथपेस्टने बारीक ओरखडे पडतात, मी मऊ ब्रश आणि भांड्याच्या साबणाचं पाणी वापरतो. झोपताना न काढणाऱ्या एका मित्राची टाळू लालभडक झाली, बुरशी निघाली.

हिवाळा संपता संपता दोन्ही कवळ्या सैल झाल्या. ही कवळीची खोट नाही. दात काढल्यावर हिरडीखालचं हाड झिजतं, आणि पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त. आतून नवं अस्तर भरून घेतलं आणि पुन्हा पहिल्यासारखी बसली. त्याचे पैसे वेगळे पडले. म्हणून दर विचारताना नुसता कवळीचा विचारू नका. घासून देणं धरून की वेगळं, अस्तराचे किती, हे आधीच बोलून घ्या. स्वस्तातली कवळी बनवून पुढे फोन न उचलणारे आहेत. प्लास्टिक सगळीकडे जवळपास तेच, माणूस वेगळा. हात आखडता असेल तर धुळ्याला डेंटल कॉलेज आहे, तिथे विचारून पाहा, फक्त वेळ हाताशी ठेवून जा.

आणखी एक. सगळे दात काढायला कोणी सांगितलं तर खालचे दोन सुळे वाचतात का, ते विचारा. मुळं धड असतील तर ती ठेवून वरून कवळी बसवता येते, हाडही टिकतं. माझे सुळे हलत होते, तो मार्गच नव्हता. धाकट्या भावाचे घट्ट आहेत. त्याच्या मुळांची ट्रीटमेंट चालू आहे, माप पुढच्या महिन्यात. ती बसली की खालच्या कवळीचं किती फरकाने जमतं, ते त्यालाच लिहायला सांगतो.