घाटात आणि महामार्गावर वापरून पाहिलेला सूचक संच

गेल्या पावसाळ्यात पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटाच्या चढणीवर आमच्या गाडीचे मागचे चाक पंक्चर झाले आणि सहा महिने डिकीत पडून असलेला सूचक संच पहिल्यांदा उघडावा लागला. दोन घडीचे लाल त्रिकोण, दोन रिफ्लेक्टिव्ह जॅकेट आणि बॅटरीवर लुकलुकणारे तीन चपटे दिवे असा हा संच मी १,६०० रुपयांना घेतला होता. नंतर एकदा शिरवळजवळ एका दुचाकीच्या अपघातातही तो वापरला.

त्रिकोणाचा दर्जा चांगला आहे. बाहेरचा पट्टा रात्री समोरच्या गाडीचा प्रकाश तिच्याच दिशेने परत पाठवतो आणि आतला भडक केशरी-लाल पट्टा दिवसाच्या उजेडात, अगदी ढगाळ हवेतही, उठून दिसतो. स्वस्त त्रिकोणांत हा आतला पट्टा नसतो, त्यामुळे ते दिवसा जवळजवळ निरुपयोगी ठरतात. पाय मात्र फारच हलके आहेत. मालट्रक शेजारून गेला की त्याच्या वाऱ्याने त्रिकोण आडवा होत असे, आणि मला दोनदा रस्त्याच्या कडेने जाऊन तो उभा करावा लागला. पायावर दगड ठेवता येतो, पण तो नंतर उचलायलाच हवा. बंद पडलेल्या ट्रकभोवती रचलेले दगड आणि झाडाच्या फांद्या ट्रक निघून गेल्यावरही तशाच पडून राहतात, आणि रात्री त्यांवर एखादा दुचाकीस्वार आदळू शकतो. मी आता वाळूच्या दोन लहान पिशव्या सोबत ठेवतो.

सर्वांत गंभीर उणीव माहितीपत्रकात आहे. ‘त्रिकोण गाडीच्या मागे ठेवावा’ एवढेच त्यात छापले आहे. किती मागे, याबद्दल एक अक्षर नाही. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर कापते, म्हणजे चालकाला धोका कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दोन सेकंद गेले तर ४४ मीटर संपतात, त्यानंतर कोरड्या रस्त्यावरही थांबायला आणखी ३५ मीटरच्या आसपास लागतात आणि ओल्या रस्त्यावर त्याहून कितीतरी जास्त. त्यामुळे मी १०० मीटर, म्हणजे साधारण १३० पावले, मोजली. घाटात तेवढ्यानेही भागत नाही, कारण वळणाच्या आत ठेवलेला त्रिकोण वळण घेतल्यावरच दिसतो. तो वळणाच्या अलीकडे हवा. खंबाटकीत पुण्याकडे येणारी वाहने बोगद्यातून येतात, त्यामुळे चढणीवर फक्त मागून येणाऱ्यांचीच काळजी होती. ब्रिटनच्या रस्ता-नियमावलीत साध्या रस्त्यावर किमान ४५ मीटर अंतर सांगितले आहे, मात्र मोटरवेवर त्रिकोण ठेवायला जाऊच नये असेही बजावले आहे, कारण तिथे चालत जाणेच जिवावर बेतू शकते. आपल्या द्रुतगती मार्गावरही चारही इंडिकेटर लावून, सगळ्यांना कठड्यापलीकडे नेऊन मदतीसाठी फोन करणेच मला योग्य वाटते.

दिव्यांनी शिरवळला खरी मदत केली. जखमी मुलगा रस्त्याच्या कडेला पडला होता. मी गाडी त्याच्या अलीकडे, चाके त्याच्यापासून दूर वळवून उभी केली, म्हणजे मागून धडक बसलीच तर ती त्याच्यावर ढकलली जाणार नाही. तीन दिवे कडेपासून गाडीच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यापर्यंत तिरक्या रेषेत मांडले, तेव्हा येणारी वाहने आयत्या वेळी न वळता दुरूनच सावकाश बाजूला सरकू लागली. पत्नीने १०८ ला आणि राष्ट्रीय महामार्गाच्या १०३३ ला फोन केला, आणि थांबलेल्या एका रिक्षावाल्या काकांना मी दुसरे जॅकेट देऊन केवळ मागच्या वाहनांवर नजर ठेवायला सांगितले. जखमीकडे वाकलेल्या माणसाला मागचे काही दिसत नाही, म्हणून हे काम एकाने वेगळे करायलाच हवे.

जॅकेटांचे पट्टे लांबून लख्ख दिसतात आणि वेल्क्रो पक्के आहे. खंबाटकीत मात्र ती मिळवण्यासाठी आधी सामान बाहेर काढावे लागले होते आणि तेवढा वेळ मी साध्या गडद शर्टात वाहनांकडे पाठ करून उभा होतो. आता दोन्ही जॅकेट चालकाच्या आसनाखाली असतात. याच किमतीत जड पायांचा त्रिकोण आणि अंतर सांगणारे मराठी माहितीपत्रक मिळाले असते, तर मी पाचपैकी पाच गुण दिले असते. सध्या साडेतीन देतो, आणि भावाच्या गाडीसाठी दुसरा संच मागवला आहे.