‘नाद खुळा’ला नाराजी समजणारी भावमापन सेवा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील आमच्या छोट्या प्रसिद्धी कार्यालयाने २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत एका कंपनीची भावमापन सेवा महिन्याच्या वर्गणीवर घेतली होती. उमेदवाराच्या पोस्टखालील प्रतिक्रिया आणि कमेंट तपासून लोकांना आनंद झाला, राग आला की भीती वाटली, अशा आठ भावना ती टक्केवारीत सांगते.

पाणी, खड्डे, घरफाळा यांविषयी प्रमाण मराठीत लिहिलेल्या तक्रारी तिने बहुतेक अचूक ओळखल्या. अडचण झाली ती कोल्हापुरी कौतुकापाशी. ‘नाद खुळा’, ‘काटा किर्र’, ‘विषय हार्ड’ अशी मनापासून दिलेली दाद सरळ नाराजीच्या रकान्यात जाऊन बसली. याउलट, २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत येथे गाजलेली ‘आमचं ठरलंय’ ही घोषणा मी मुद्दाम तपासायला दिली, तेव्हा शेरा आला ‘तटस्थ’. त्या दोन शब्दांत भावनेचा एकही शब्द नाही हे खरे. पण त्यांतली खुन्नस ज्याने त्या निवडणुकीत पाहिली आहे, त्याला हा शेरा वाचून हसूच येईल. हसण्याचीही तीच गत. नेत्याच्या आश्वासनाखाली पडलेले ‘हाहा’ येथे बहुधा टिंगलीचे असते, सेवेने मात्र ते आनंदात मोजले.

पुण्यातील एल३क्यूब या भाषा-संशोधन गटाने २०२१ मध्ये संगणकाला भाव ओळखायला शिकवण्यासाठी खुल्या केलेल्या महासेंट या संचात सुमारे १६,००० मराठी ट्वीट सकारात्मक, नकारात्मक आणि तटस्थ अशा तीनच गटांत विभागलेली आहेत. तेवढ्यावरून राग आणि भीती वेगळी काढता येत नाही. मग ही कंपनी आठ भावना कोणत्या मराठी मजकुरावरून शिकली, असे मी विचारले, तर ‘आमची पद्धत गोपनीय आहे’ एवढेच उत्तर मिळाले. वर्गणी भरणाऱ्याला ते पुरेसे नाही.

शिवाय मोजला जाणारा राग पूर्णपणे लोकांचा असतोच असे नाही. कोणती पोस्ट वर दाखवायची हे ठरवताना फेसबुकने २०१७ मध्ये भावदर्शक प्रतिक्रियांना लाइकच्या पाचपट वजन दिले होते आणि पुढे ‘राग’चे वजन शून्यावर आणले, हे फेसबुकच्याच अंतर्गत कागदपत्रांवरून २०२१ मध्ये उघड झाले. काय वर दिसावे हेच बदलत असेल, तर दोन वर्षांच्या आकड्यांची तुलना कशी करायची?

एक उपयोग मात्र मान्य करायला हवा: एखाद्या पोस्टखाली रात्रीतून कमेंटचा सूर पालटला की सकाळी सूचना येते, आणि ती आम्हाला दोनदा कामी आली. तेवढ्यासाठी प्रचाराच्या महिन्यापुरती सेवा घ्यावी, वर्षाची वर्गणी भरू नये. आम्ही ती बंद केली असून, आता शिवाजी पेठेतील तालमीत वाढलेला एक तरुण कमेंट वाचतो.