आयफोन की अँड्रॉइड : कुणाचं अपडेट कमी छळतं?

एप्रिल-मेमध्ये देवगडात हापूसच्या पेट्या व्हॉट्सअ‍ॅपवर विकणाऱ्याला अपडेटपायी फोन पंधरा मिनिटं बंद राहिलेलाही परवडत नाही. गिऱ्हाईक तेवढ्यात दुसऱ्या बागायतदाराकडे वळतं.

आयफोनचं अपडेट अ‍ॅपल स्वतःच पाठवतं, त्यामुळे पात्र असलेल्या नव्या-जुन्या फोनना ते एकदमच मिळतं. २०१५चा आयफोन ६एससुद्धा २०२१च्या आयओएस १५ (आयफोनची सिस्टिम) या आवृत्तीपर्यंत पोचला. साहजिकच नवी आवृत्ती तिथे झपाट्याने पसरते. पण मोठं अपडेट काही जीबींचं, आणि घाटीखालच्या वाडीत रेंज दोन काड्या! बसवताना फोन बंद, काळ्या पडद्यावर नुसतं सफरचंद. नाही आवडलं, तर मागे फिरायची वाटही काही दिवसांत बंद.

अँड्रॉइडचं अपडेट गूगलकडून निघून चिप बनवणारे, मग फोन कंपनी असं थांबत-थांबत येतं. स्वस्त फोनपर्यंत कधीकधी येतच नाही, मग एक दिवस बँकेचं अ‍ॅप रुसतं. गूगलच्या पिक्सेल ८ आणि सॅमसंगच्या गॅलक्सी एस२४ला सात वर्षं अपडेटचं वचन आहे खरं, पण ते फोन वाडीत कितीजणांकडे?

एका बाबतीत मात्र अँड्रॉइड सरस. बऱ्याच फोनमध्ये सिस्टिमच्या दोन जागा असतात. एकीवर तुमच्या ऑर्डरी चालू, तोवर दुसरीवर अपडेट बसतं. शेवटी फक्त रीस्टार्ट. बिघडलंच, तर फोन जुन्या जागेवरून सुरू होतो.

पाच-सहा वर्षं एकच फोन वापरायचा असेल, तर मी आयफोन घेईन. सुरक्षेचे पॅच, म्हणजे छोटी दुरुस्ती-अपडेटं, लगेच टाकावेत; मोठी आवृत्ती बागेतला शेवटचा आंबा उतरल्यावर.