रेटिनॉल की बाकुचिऑल? आधी परीक्षा कशी झाली ते बघा

“ताई, ह्यातलं कुठलं मागवू?” धाकट्या जावेने मोबाइल पुढे केला. एक सीरम रेटिनॉलचं, दुसरं बाकुचिऑलचं. सुरकुत्या कमी करण्याचा दावा दोन्हींवर.

रेटिनॉल म्हणजे अ जीवनसत्त्वाचं एक रूप. त्याची परीक्षा थेट कातडीच्या आत झाली आहे. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2007 साली छापलेला प्रयोग बघा. सरासरी 87 वर्षं वयाची 36 माणसं. एका दंडाच्या आतल्या बाजूला 0.4 टक्के रेटिनॉलचं लोशन, दुसऱ्या दंडाला तेच लोशन रेटिनॉलशिवाय, आठवड्यातून तीनदापर्यंत, 24 आठवडे. मग 4 मिलिमीटरचा, म्हणजे मसुरीच्या दाण्याएवढा, कातडीचा तुकडा काढून तपासला. रेटिनॉलच्या दंडात कोलॅजनचं, म्हणजे कातडी घट्ट ठेवणाऱ्या प्रथिनाचं, पूर्वरूप वाढलं होतं, पाणी धरून ठेवणारे घटकही वाढले होते. तुकडे मोजक्याच जणांचे तपासले, हे खरं. पण माणूस तोच, वय तेच, खाणंपिणं तेच; फरक फक्त रेटिनॉलचा. म्हणून या प्रयोगावर माझा विश्वास बसतो.

बाकुचिऑल बावचीच्या बियांत असतं. ते पहिल्यांदा वेगळं काढलं पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, सुख देव यांच्या गटाने, 1966 साली. याचा मला मनापासून अभिमान आहे. तरी परीक्षा तोकडीच. 2019 च्या प्रयोगात 44 जण होते, 12 आठवडे, दोन्ही द्रव्यं 0.5 टक्के, बाकुचिऑल दिवसातून दोनदा, रेटिनॉल एकदाच. सुरकुत्या आणि डाग दोन्हीकडे सारखेच कमी झाले, रेटिनॉलवाल्यांची कातडी जास्त सोलली आणि चुरचुरली. पण सुरकुत्या आणि डाग किती कमी झाले, हे ठरवलं चेहऱ्याच्या फोटोंवरून. नुसत्या मॉइश्चरायझरनेही बारीक रेघा तासाभरात भरलेल्या दिसतात, आणि नुसतं क्रीम लावणारा गट इथे नव्हताच.

पुरावा सगळ्यात भक्कम ट्रेटिनॉइनचा, म्हणजे रेटिनॉलच्याच कुळातल्या जास्त तीव्र औषधाचा: 1993 च्या प्रयोगात 10 ते 12 महिन्यांनी कोलॅजनची घडण 80 टक्क्यांनी वाढली. पण ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही.

जावेला मी रेटिनॉल सांगितलं: आठवड्यातून दोन रात्री, वाटाण्याएवढं, सकाळी सनस्क्रीन. कातडी लगेच लाल होत असेल तर बाकुचिऑल चालेल. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल, तर रेटिनॉल आणि ट्रेटिनॉइन दोन्ही नकोत.

आणि काष्ठौषधीच्या दुकानातून बावची आणून घरी तेल काढू नका. त्या बियांत सोरॅलेनही असतं. ते लावून उन्हात गेलं की कातडी भाजून फोड येतात.