आमच्या गावचं आरोग्य केंद्र : कुत्रं चावलं त्या दिवशीचा अनुभव

कापूस वेचून वावरातून आलो, तर सहा वर्षांचा नातू ओट्यावर रडत होता. पोटरीत शेजाऱ्याच्या कुत्र्याचे दोन दात खोल रुतले होते. शेजारीण हळद-तिखट घेऊन धावली. सुनेनं तिचा हात धरला आणि नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुतली. लई शहाणपणाचं काम केलं पोरीनं.

केंद्रात सिस्टरनं जखम पाहिली, पुन्हा धुतली. टाके नाहीत, आवळून पट्टी नाही. दोन्ही दंडांत रेबीजची लस अगदी कातडीत टोचली, बारीक फुगवटा आला. कार्डावर 0, 3, 7, 28 असे सुयांचे दिवस लिहून दिले, 0 म्हणजे पहिल्या सुईचा दिवस. पैसा एक लागला नाही.

तक्रार एकच, पण मोठी. रक्त आलं म्हणून जखमेत द्यायचं सीरमही, म्हणजे लस काम करेपर्यंत रेबीजला अडवणारं औषध, लागत होतं, ते तिथं नव्हतं. सिस्टरनं तालुक्याला फोन केला म्हणून बरं, नाहीतर लेकराला घेऊन आम्ही कुठं फिरलो असतो? असं औषध खेड्यातच पाहिजे, कुत्रे इथंच चावतात.

पोरं काठ्या घेऊन कुत्र्यामागे निघाली होती. सिस्टर म्हणाल्या, "काका, मारू नका. दहा दिवस बांधून नजर ठेवा. पण लस त्यासाठी थांबवायची नाही."

कुत्रं निंबाखाली बांधलं. दहाव्या दिवशीही भाकर खात होतं. 28व्या दिवसाची सुई तेवढी बाकी आहे, कार्ड देवघरात ठेवलं आहे.

5 पैकी 4.