तांब्याच्या भावात ॲल्युमिनियमची घुमटी

इमारतीवर शोभेची घुमटी बसवायचं कोणाच्या मनात असेल, तर ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचा. ठाणे पूर्वेला आमच्या सोसायटीकडून तांब्याचे पैसे घेऊन तांब्याचा रंग मारलेलं ॲल्युमिनियम गळ्यात मारलं गेलं.

गच्चीवरच्या शेडच्या मोभावर ती बसवायची होती. विक्रेत्याने गाळ्यावर दाखवलेला नमुना अस्सल होता, जड आणि कडांना तपकिरी पडलेला. "काका, हाच माल येणार, नातवंडं बघतील तुमची," म्हणत त्या माणसाने सत्तर टक्के रक्कम आधीच घेतली. माल आला त्या दिवशी त्याने सगळ्यांसमोर घुमटीवर चुंबक फिरवला. "बघा, चिकटत नाही. शुद्ध तांबं!" अहो, चुंबक ॲल्युमिनियमलाही चिकटत नाही! ही चलाखी पुन्हा कोणावर चालू नये, म्हणून एवढं लिहितोय.

खरी परीक्षा वजनाची. १ मिलिमीटर जाडीचा, १ चौरस मीटर पत्रा तांब्याचा असेल तर जवळपास ९ किलो भरतो. ॲल्युमिनियमचा जेमतेम २.७ किलो. आमची घुमटी दोन पोरांनी गप्पा मारत जिन्याने वर नेली होती.

पहिल्याच पावसाळ्यात रंगाचे पापुद्रे सुटले, आत चंदेरी पत्रा. स्क्रूंभोवती पांढरी भुकटी जमली. लोखंडी स्क्रू, ॲल्युमिनियम आणि खाडीचा खारा वारा एकत्र आल्यावर दुसरं काय होणार? तांबं असं सोलत नाही. ते आधी काळपट तपकिरी होतं, वर्षानुवर्षांनी हिरवट, आणि तोच थर आतल्या धातूला जपतो.

जाब विचारला तर म्हणे, "पॉलिश गेलंय, मारून देतो." नंतर फोन उचलणं बंद. हातात कच्चं बिल होतं. फार मागे लागल्यावर पक्कं मिळालं आणि त्या बिलानेच त्याचं बिंग फोडलं. त्यातला एचएसएन कोड, म्हणजे जीएसटी बिलावर माल कशाचा ते सांगणारा आकडा, ७६ ने सुरू होत होता. तांब्याच्या वस्तूंचा ७४ ने होतो, ७६ म्हणजे ॲल्युमिनियम. फायबरची घुमटी घेत असाल तर तिथे बहुधा ३९ दिसेल.

कोटेशनवरच धातू, पत्र्याची जाडी, एकूण वजन आणि हा कोड लिहून घ्या. माल वर चढवण्याआधी खाली काट्यावर ठेवा, उरलेले पैसे त्यानंतरच द्या. आधीच फसला असाल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते. आमची फाइल तिथेच गेली आहे, सोबत पक्कं बिल आणि सोललेल्या पत्र्याचे फोटो जोडून.