सुईला धार लावून देणारा माणूस

माझ्या टर्नटेबलला, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरला, ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम 95 ई कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) आहे. गेल्या पावसाळ्यात आवाज दबल्यासारखा यायला लागला. माणिक वर्मांच्या एलपीवर, म्हणजे मोठ्या रेकॉर्डवर, बाजूच्या शेवटच्या गाण्यात 'स' आला की फस्सकन् फाटायचा. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. मेट्रोच्या कामापासून घरात किती धूळ येते ते इथल्यांना वेगळं सांगायला नको. म्हणजे कारण नाकासमोर होतं, पण मी ऑनलाइन जाहिरात बघून एका माणसाला घरी बोलावलं.

माणूस गोड. सुई न्याहाळली, मोबाइलला छोटा मायक्रोस्कोप जोडला आणि फोटो दाखवला, व्हॉट्सॲपवरही पाठवला. "काका, सुईच्या टोकाचा हिरा बोथट झालाय. लॅबमध्ये नेऊन धार लावून देतो. नवी घेण्यापेक्षा स्वस्त पडेल." या कार्ट्रिजची सुई नुसती हाताने ओढली की निघते. त्याने ती काढून डबीत टाकली, 2,400 रुपये यूपीआयने आगाऊ घेतले आणि गेला. बिल मी मागितलं नाही, त्याने दिलं नाही.

खरं तर 'धार' शब्दालाच मी सावध व्हायला हवं होतं. सुईचं टोक गुळगुळीत गोलाईचं असतं. झिजली की त्या गोलाईवर सपाट पैलू पडतात, त्यांना कडा येतात आणि त्या कडा रेकॉर्डची खाच खरवडतात. धारदार सुई म्हणजे वाया गेलेली सुई! शिवाय या सुईचं आयुष्य कंपनी साधारण 300 तास सांगते. मी रविवारी दोन एलपी ऐकणारा माणूस, दोन वर्षांत दीडशे तासही झाले नव्हते. हा हिशेब पैसे गेल्यावर सुचला.

चार दिवसांनी सुई परत आली. आता ती खाचेतून उडायला लागली. फोन केला तर म्हणाला, "नवीन धार आहे काका, वर रुपयाचं नाणं ठेवा, बसेल." मी ठेवलं! ज्या सुईला 2 ग्रॅम भार लागतो तिच्यावर तीन ग्रॅमहून जड नाणं, आणि तसंच आठवडाभर वाजवलं.

शेवटी नौपाड्यातल्या ओळखीच्या घड्याळवाल्याकडे गेलो. त्याने डोळ्याला भिंग लावलं आणि सुई उलटी धरून म्हणाला, "साहेब, दांडी डावीकडे कललीय. टोकाला गोंदाचा गोळा आहे." दांडी म्हणजे जिच्या टोकाला हिरा बसवलेला असतो ती. मग मीही बघितलं. माझ्या सुईच्या हिरव्या प्लॅस्टिकचा एक कोपरा बसवताना टवकला होता. हिचे चारही कोपरे धड. सुई बदललेली होती. घरी येऊन व्हॉट्सॲपवरचा तो फोटो मोठा करून पाहिला, तर कडेला दिसणारं प्लॅस्टिक काळं. फोटोतला झिजलेला हिरा माझा नव्हताच.

नंबर आता लागत नाही. सायबर गुन्ह्यांसाठीच्या 1930 वर तक्रार नोंदवली आहे, पुढे काही कळलेलं नाही.

माझ्या जुन्या सुईला बहुतेक धुळीचा बोळाच चिकटला असणार. आता दर एलपीनंतर ॲम्प्लिफायरचा आवाज बंद करतो आणि मऊ ब्रश मागून पुढे, म्हणजे रेकॉर्ड फिरते त्या दिशेनेच, दोनदा ओढतो. आडवा कधीच नाही, दांडी वाकते. बोट तर लावायचंच नाही. दहा सेकंदांचं काम. कोणी सुई घेऊन जायला निघालाच, तर आधी तिचा चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा आणि झीज तुमच्या डोळ्यांदेखत, तुमच्याच सुईवर दाखवायला सांगा.

नवी अस्सल सुई घेतली. बाकी रेकॉर्डी छान वाजतात. माणिकबाईंच्या त्या शेवटच्या गाण्यातला 'स' मात्र अजून फाटतो. नाणं ठेवून आठवडाभर तीच बाजू लावली होती.